शेतात पडलेला पांढरा डबा आणि हवेची दोन झाकणे

शेतकरी बंधू-भगिनींनो,

गेल्या पंधरवड्यात आपल्याकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्न वरवर पाहता एकमेकांशी संबंध नसलेले आहेत. एका हरभरा उत्पादकाच्या शेतात लांब दोऱ्याला बांधलेला पांढरा डबा आणि फाटलेल्या रबरी फुग्याच्या चिंध्या पडलेल्या आढळल्या, आणि हा काही घातपाताचा प्रकार असावा या भीतीने दोन दिवस त्या वावरात कोणी पाऊल टाकले नाही. एका द्राक्ष बागायतदाराने विचारले आहे की, थंडीच्या पहाटे बागेत शेकोट्या पेटवल्या तर धूर वर न जाता मांडवाच्या उंचीवरच का पसरून राहतो. कांदा लावणाऱ्या दोन भगिनींचा प्रश्न असा आहे की, पाणी तर सर्वांत जास्त पावसाळ्यात पडते, मग गारा फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच का पडतात. आणि आकाशातून जाणारी विमाने आमचे ढग पळवून लावतात, त्याची चौकशी व्हावी, असा अर्ज काही गावकऱ्यांनी दिला आहे. या सर्वांना एकत्रित उत्तर देण्याचे कारण असे की, जमिनीपासून वर जाताना हवेचे तापमान कसे बदलत जाते, ही एकच गोष्ट नीट समजली तर चारही प्रश्नांचा उलगडा होतो, आणि फवारणीची वेळ ठरवण्यापासून शेतमाल झाकण्यापर्यंत तिचा रोजच्या कामात उपयोग होतो.

प्रथम डब्याविषयी, कारण तेथे भीती आहे. तो डबा धोकादायक नाही. भारतीय हवामान विभाग मुंबई, नागपूर, पणजी यांसह देशातील अनेक केंद्रांवरून रोज हायड्रोजन भरलेले फुगे आकाशात सोडतो. पहाटे साडेपाच आणि सायंकाळी साडेपाच या निरीक्षणाच्या ठरलेल्या वेळा आहेत, आणि त्याच घटकेला जगभरातील शेकडो केंद्रांवरून असेच फुगे वर जात असतात. फुग्याखाली दोऱ्याला लोंबणाऱ्या हलक्या डब्यात तापमान आणि आर्द्रता मोजणारी लहान उपकरणे असतात आणि त्यांची नोंद रेडिओ लहरींवरून खाली केंद्राकडे सतत येत राहते. डबा वाऱ्याबरोबर किती वाहत गेला यावरून निरनिराळ्या उंचीवरील वाऱ्याची दिशा आणि वेगही कळतो. वर हवेचा दाब कमी होत गेल्याने फुगा फुगत जातो आणि साधारण ३० किलोमीटर उंचीच्या आसपास फुटतो. मग डबा खाली येतो आणि वारा नेईल त्या शेतात पडतो.

या डब्याने जो प्रवास केला, तोच आपल्या प्रश्नांचे उत्तर आहे. फुगा मिनिटाला सुमारे ३०० मीटर या वेगाने चढतो, आणि चढताना हवा दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होत जाते. सूर्याकडे जात असताना थंडी का वाढावी, असे कोणालाही वाटेल. त्याचे कारण असे की, सूर्याचे बहुतेक ऊन हवेतून आरपार जाते, ते प्रथम जमिनीला तापवते आणि तापलेली जमीन तिला लागून असलेल्या हवेला खालून तापवते. चुलीवरचे दुधाचे पातेले जसे बुडाकडून तापते, तसेच हे आहे. महाबळेश्वर वाईपेक्षा साडेसहाशे-सातशे मीटर उंच आहे आणि म्हणून तेथे साधारण चार अंशांनी गारवा अधिक असतो, हा हिशेब आपण घाट चढताना अंगावर अनुभवतोच. पातेल्यातील दूध बुडाशी तापले की वर येते आणि वरचे खाली जाते, तशीच तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, चढताना थंड होते, तिच्यातील बाष्पाचे थेंब होतात आणि ढग तयार होतो. वळवाचा पाऊस, पावसाळ्यातील झड, वादळ, गारा, धुके, दव या सर्व घडामोडी हवेच्या या सर्वांत खालच्या थरात होतात. त्याला भूगोलाच्या पुस्तकात तपांबर म्हणतात. वातावरणातील एकूण हवेपैकी पाऊण हिश्श्याहून अधिक हवा आणि जवळजवळ सगळे बाष्प याच थरात आहे.

साडेपाच किलोमीटर उंची गाठेपर्यंत डब्याने निम्मी हवा खाली टाकलेली असते. आपल्या अक्षांशांवर तासाभराच्या आत तो १६ ते १७ किलोमीटरवर पोहोचतो, तेव्हा नऊ दशांश हवा त्याच्या खाली असते आणि तापमान शून्याखाली ७५ ते ८० अंशांपर्यंत उतरलेले असते. येथे एक विलक्षण गोष्ट घडते, ती म्हणजे थंडी वाढण्याचे थांबते आणि त्याच्याही वर गेले तर हवा हळूहळू उबदार होऊ लागते. ही मर्यादा प्रथम ओळखणाऱ्यांमध्ये तेसरां द बोर हे फ्रेंच हवामानशास्त्रज्ञ होते. पॅरिसजवळच्या आपल्या वेधशाळेतून त्यांनी दोनशेहून अधिक फुगे सोडले, आणि सुमारे ११ किलोमीटरवर तापमान उतरायचे थांबते असे दिसल्यावर त्यांना आधी उपकरणाचाच संशय आला. ऊन लागून तापमापक चुकत असेल म्हणून त्यांनी रात्रीही फुगे सोडले, आणि सगळी खात्री झाल्यावरच १९०२ मध्ये निष्कर्ष जाहीर केला. शेतीच्या प्रयोगातही एका हंगामाच्या नोंदीवर न विसंबणारा शेतकरी याच वृत्तीचा असतो, असे मला वाटते. फ्रान्सवर ११ किलोमीटर असलेली ही सीमा आपल्याकडे बरीच उंच आहे, कारण उष्ण प्रदेशात खालून मिळणारी उष्णता हवेला अधिक वर उचलते.

या सीमेला तपस्तब्धी आणि तिच्या वरच्या थराला स्थितांबर म्हणतात. स्थितांबर सुमारे ५० किलोमीटरपर्यंत आहे. तेथील ओझोन वायू सूर्याची अतिनील किरणे शोषून घेतो आणि त्यामुळे तो थर वरून तापतो. जड, थंड हवा खाली आणि हलकी, उबदार हवा वर अशी मांडणी झाली की उलथापालथ बंद पडते. म्हणून हे पातेल्यावर ठेवलेल्या झाकणासारखे आहे. खालून उसळत आलेला ढग या झाकणाला धडकतो आणि वर जाता येत नाही म्हणून आडवा पसरतो. एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर लांबवर दिसणारा, बुडाशी काळा आणि माथ्याला लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट झालेला ढग आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याचा सपाट माथा म्हणजे हवेचे झाकण कोठे आहे, याची डोळ्यांना दिसणारी खूण आहे. कुठल्याही उपकरणाशिवाय बांधावर उभे राहून तपांबराचे छत पाहण्याचा दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

त्या ऐरणीचे टोक कोणत्या दिशेला ओढले गेले आहे, हेही पाहावे. मार्चमध्ये ते बहुधा पूर्वेकडे लांबलेले दिसते, कारण तेव्हा आपल्या डोक्यावर खूप उंचीवर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. पावसाळ्यात मात्र तेच टोक पश्चिमेकडे ओढलेले असते. खाली नैर्ऋत्येचा बाष्पाने भरलेला वारा वाहत असताना १४-१५ किलोमीटरवर पूर्वेकडून अतिशय वेगवान वारा वाहतो. पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या पूर्वेकडील वाऱ्याच्या प्रवाहाचे वर्णन केले आणि मॉन्सूनच्या अभ्यासात तो आजही महत्त्वाचा मानला जातो.

स्थितांबराच्या वर मध्यांबर आहे, तेथे बहुतेक उल्का जळून जातात. त्याच्याही वर आयनांबर आणि बाह्यांबर. शेतीच्या दृष्टीने त्यांचा विचार येथे करण्याची गरज नाही. ओझोनच्या थराला पडलेल्या छिद्रामुळे आपला पाऊस कमी झाला का, असेही एकाने विचारले आहे. ते छिद्र अंटार्क्टिकावरील स्थितांबरात आहे, त्याचा संबंध प्रामुख्याने अतिनील किरणांशी आहे आणि तुमच्या शेतावर पाऊस पडला नाही याचे कारण तेथे शोधू नये.

आता द्राक्षबागेतील धुराकडे वळतो. तो प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात आपल्याला काही करता येण्याजोगे आहे. १६ किलोमीटरवर वर्षभर असणारे झाकण हिवाळ्यातील निरभ्र, वारा पडलेल्या रात्री आपल्या वावरावर पाच-पंचवीस मीटरवरही तयार होते. सूर्य मावळल्यावर जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि तिला लागून असलेली हवा थंड करते. वरची हवा मात्र दिवसाच्या उष्णतेने अजून उबदार असते. म्हणजे नेहमीचा क्रम उलटतो, खाली थंड आणि वर उबदार. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. धूर थोडा वर जातो, उबदार हवेच्या थराला लागला की तेथेच अडतो आणि आडवा पसरतो. पहाटे गावावर चुलींच्या धुराचा सपाट पट्टा तरंगताना दिसतो, तो याच कारणाने. थंड हवा जड असल्यामुळे पाण्यासारखी उताराने वाहते आणि नाल्याकाठच्या, खोलगट शेतात साचते. म्हणून एकाच गावात माळावरची बाग वाचते आणि ओढ्यालगतची बाग थंडीने होरपळते. नवीन बाग लावताना मातीची तपासणी आपण करतो, तशी थंड हवा कोठे साचते याचीही पाहणी करावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

शेकोटीचा उपयोग होतो, मात्र तो धुराने कमी आणि उष्णतेने अधिक होतो. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून बाहेर पडणारी उष्णता त्यांना फारशी अडवता येत नाही. म्हणून ओला पालापाचोळा जाळून नुसता दाट धूर करण्याने समाधान मानू नये. बागेत सर्वत्र लहान-लहान शेकोट्या असाव्यात, एक मोठा जाळ करू नये. मोठ्या जाळाची तापलेली हवा झाकण भेदून थेट वर निघून जाते आणि तिची जागा घेण्यासाठी बाजूची थंड हवा बागेत ओढली जाते. लहान शेकोट्यांची ऊब मात्र झाकणाखालीच कोंडून राहते आणि वेलींना मिळते. थंडीची सूचना असेल तेव्हा जमीन कोरडी ठेवू नये. ओलसर जमीन दिवसा अधिक उष्णता साठवते आणि रात्री ती सावकाश सोडते, त्यामुळे दुपारी किंवा सायंकाळी हलके पाणी द्यावे. थंड वारा वाहत असेल तर मात्र हे झाकण तयारच होत नाही आणि शेकोट्यांवर खर्च करण्यात अर्थ नसतो. तेव्हा बागेच्या वाऱ्याकडील बाजूला शेडनेट किंवा ताडपत्रीचा आडोसा करणे अधिक उपयोगी पडते.

याच झाकणाचा दुसरा परिणाम फवारणीवर होतो आणि त्याकडे आपले फार दुर्लक्ष होते. वारा अजिबात नाही म्हणून पहाटेच फवारणी उरकण्याची अनेकांना सवय आहे. परंतु धूर जेथे आडवा पसरतो तेथे फवाऱ्याचे अतिसूक्ष्म थेंबही खाली बसत नाहीत, ते थरात तरंगत राहतात आणि हवेच्या मंद सरकण्याबरोबर शेजारच्या शेतात जातात. ऊस, गहू किंवा मक्यातील तणासाठी वापरलेले २,४-डी हे तणनाशक असे वाहत गेले तर द्राक्ष आणि कपाशी या अत्यंत संवेदनशील पिकांची पाने वेडीवाकडी होतात, आणि त्यातून शेजाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे टिकणारी भांडणे झालेली मी पाहिली आहेत. फवारणीपूर्वी बांधावर थोडा धूर करून पाहावा. धूर आडवा पसरत असेल तर थांबावे. सूर्य वर येऊन दव उडाले, धूर मोकळेपणाने वर जाऊ लागला आणि अंगाला हलकी झुळूक जाणवू लागली की फवारणी करावी. भर दुपारी जमीन तापून हवा जोराने वर उसळत असते आणि वावटळी उठतात, तेव्हाही फवारणी टाळावी.

गारांच्या प्रश्नाचे उत्तर याच उंचीच्या हिशेबात आहे. वर चढताना हवेचे तापमान शून्य अंशावर येते ती उंची फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे सुमारे ४ किलोमीटर असते, तर पावसाळ्यात ती ५ किलोमीटरच्या वर जाते. उन्हाळ्याच्या तोंडाशी जमीन चांगली तापू लागलेली असते, समुद्राकडून खालच्या थरात बाष्प येते आणि त्याच वेळी उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकणाऱ्या वादळी प्रणालीमुळे, म्हणजे पश्चिमी विक्षोभामुळे, वरच्या थरात थंड, कोरडी हवा शिरते. खाली उष्ण आणि वर नेहमीपेक्षा थंड असा मोठा फरक पडला की ढगातील हवा प्रचंड वेगाने वर उसळते. त्या ढगात शून्याखालीही न गोठलेले पाण्याचे थेंब असतात. बर्फाचा कण त्यांतून वर-खाली होत असताना ते त्याच्यावर गोठत जातात आणि गार मोठी होते. अडीच सेंटिमीटरची, म्हणजे आवळ्याएवढी गार हवेत तोलून धरण्यासाठी ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाचा वर जाणारा झोत लागतो. पावसाळ्यातील ढगांत बाष्प भरपूर असते, परंतु वर-खाली तापमानाचा असा तीव्र फरक नसल्याने झोत बहुधा सौम्य असतो, आणि लहान गारा झाल्या तरी पाच किलोमीटरच्या उबदार हवेतून खाली येताना त्यांचे पाणी होते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात दिवसामागून दिवस गारपीट होत राहिली आणि काढणीला आलेला गहू, हरभरा, कांदा, द्राक्षे हातची गेली. त्या वेळी शेतात पांढरी चादर पाहून रडणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा प्रश्न का विचारला जातो हे सांगावे लागत नाही.

गारा फोडण्यासाठी आवाजाच्या तोफा विकत घ्याव्यात का, असे काही बागायतदारांनी विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे की घेऊ नयेत. या तोफांना शास्त्रीय आधार नाही, असे जागतिक हवामान संघटनेचेही म्हणणे आहे. साधा विचार केला तरी, ज्या ढगात विजेचा एवढा कडकडाट होत असतो आणि तरी गारा होतातच, तेथे जमिनीवरून केलेल्या आवाजाने काय होणार? तेवढा पैसा गाररोधक जाळीवर खर्च करावा. काढणी झालेला कांदा शेतात उघडा ठेवू नये, पातीने झाकलेला ढीग गारांपुढे टिकत नाही, ताडपत्री हाताशी ठेवावी. गारपीट झाली तर फुटलेल्या काड्या आणि पानांच्या जखमांतून बुरशीचा शिरकाव होतो, म्हणून वाफसा येताच आपल्या पिकासाठी शिफारस असलेले बुरशीनाशक फवारावे.

विमानांच्या तक्रारीबाबत मी गावकऱ्यांच्या मनातील वेदना समजू शकतो. आभाळ भरून येते, गार वारा सुटतो आणि थेंबही न पडता सगळे निघून जाते, तेव्हा कोणावर तरी राग काढावासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु प्रवासी विमाने तपांबराच्या वरच्या भागात, साधारण १० ते १२ किलोमीटरवरून जातात. तेथे शून्याखाली ४०-५० अंश तापमान असते आणि इंजिनातून निघालेली वाफ क्षणात गोठून पांढरी रेघ उमटते. त्या रेघेने पावसाचे ढग पांगत नाहीत. कृत्रिम पावसाची विमाने वेगळी असतात. २०१५ मध्ये औरंगाबाद येथून मराठवाड्यासाठी असा प्रयोग झाला आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर परिसरात या विषयावर पद्धतशीर संशोधन केले. ही विमाने ढगाच्या तळाशी मिठासारख्या क्षारांचे किंवा त्याच्या थंड भागात सिल्व्हर आयोडाइडचे कण सोडतात. मुळात योग्य ढग असेल तरच त्यातून थोडा अधिक पाऊस मिळवता येतो. कोरड्या आभाळात ढग निर्माण करता येत नाही आणि भरलेला ढग हाकलताही येत नाही. मग ढग का निघून जातात? बऱ्याचदा वरच्या थरातील हवा कोरडी असते, ढगाला उंची मिळत नाही, तर कधी खालून येणाऱ्या बाष्पाचा पुरवठाच तुटतो. सह्याद्रीच्या पूर्वेकडील तालुक्यांत तर वारा घाट उतरताना तापतो आणि ढग विरतात. सोळा किलोमीटर उंचीच्या तपांबरात सह्याद्रीची उंची जेमतेम एक-दीड किलोमीटर, परंतु बाष्प सर्वाधिक त्याच खालच्या थरात असल्याने महाबळेश्वरला ५,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातील माण तालुका ५०० मिलिमीटरसाठी तळमळतो.

मोबाइलवरील अंदाजात पाऊस दाखवला आणि आमच्या शिवारात पडला नाही, अशीही तक्रार आहे. वळवाचा ढग पाच-दहा किलोमीटर रुंदीचा असतो. बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते, असे जुनी माणसे म्हणतात ते यामुळेच. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी मिळणारा कृषी हवामान सल्ला जिल्हा किंवा तालुक्यापुरता असतो, तो आठवड्याच्या कामांचे नियोजन करण्यासाठी वाचावा. त्या दिवसाच्या दुपारसाठी मात्र विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ ॲप आणि आपले स्वतःचे डोळे वापरावेत. ढगाचा माथा सपाट होऊ लागला की तो तपांबराच्या छतापर्यंत पोहोचला आहे आणि त्यात वीज, सोसाट्याचा वारा किंवा गारा असू शकतात, असे समजावे. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा हातातील काम सोडून पक्क्या घरात जावे. झाडाखाली मुळीच थांबू नये.

पांढरा डबा सापडलेल्या शेतकऱ्याने वावरात काम सुरू करावे. डब्यावर छापलेली सूचना वाचावी आणि तलाठी किंवा पोलीस पाटलांना कळवावे. रबराच्या चिंध्या आणि नायलॉनचा दोरा मात्र त्याच दिवशी गोळा करावा, कारण चारताना जनावराच्या पोटात गेल्यास त्याच्या जिवावर बेतू शकते. याहून वेगळी एक वस्तू कधीकधी आपल्याकडे उतरते. हैदराबाद येथून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मोठे वैज्ञानिक फुगे स्थितांबरात सोडले जातात आणि त्यांची जड उपकरणे रंगीत हवाई छत्रीसह आसपासच्या राज्यांत, मराठवाड्यातही, येऊन पडू शकतात. अशी पेटी दिसल्यास तिला हात लावू नये, उघडू नये आणि हलवू नये. ती आहे त्या जागीच राहू द्यावी, मुलांना दूर ठेवावे आणि जवळच्या पोलीस ठाण्याला लगेच कळवावे. संस्थेचे कर्मचारी ती स्वतः येऊन घेऊन जातात.